न वाटलेली पावलं

कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, दहा-अकरा घरांची एक वाडी होती. तिथं पोराचं वय महिन्यांत कुणी मोजत नसे. महिने मोजायचे ते गाभण म्हशीचे. पोराचं वय खाल्लेल्या जिनसांवरून ठरे. पोर पालथं पडलं की घरची बाई घावन घालून घरोघर वाटायची. बसायला लागलं की मुटके, रांगलं की तांदळाच्या शेवया. आणि आधार सोडून चाललं की पावलं. गूळ घालून मळलेल्या तांदळाच्या पिठाचा गोळा घ्यायचा, मुठीच्या कडेनं दाबायचा, वर बोटांचे पाच ठसे उठवायचे आणि फणसाच्या पानावर ठेवून वाफवायचा. बाळाच्या तळव्याएवढं हे पाऊल वाडीतल्या प्रत्येक तोंडाला मिळायचं. "पोर केवढं झालं?" असं कुणी विचारलं तर "त्याच्या शेवया खाल्ल्या की आमी" एवढं उत्तर पुरे होई.

या रीतीला एक शेपूट होतं. जिन्नस घरात येईपर्यंत पोर काय करतं ते दिसलं तरी दिसलं म्हणायचं नाही. घरच्यांच्या आधी परक्याच्या तोंडून निघालं तर दृष्ट लागते, असा समज. कुशाबाचा नातू एकदा पावलं वाटायच्या आधीच दुडूदुडू पाणवठ्यापर्यंत पोचला. शेजारची बयाबाई तिथं कळशी भरत होती. तिनं त्याला काखोटीला मारलं, घरी आणून सोडलं आणि विचारलं, "ह्याला पान्यावर नेऊन कुनी ठेवलं गो?" घरच्या बायांनीही कपाळाला हात लावला. दोन दिवसांनी पावलं वाटली गेली तेव्हा याच बयाबाईनं तोंडाचा आ करून म्हटलं, "चालाय लागला? कंदी?" यात खोटं बोलल्यासारखं कुणाला वाटत नसे. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

गोदूबाई याच वाडीची लेक. सगळ्यांत वरचं, बाकीच्या घरांपासून जरा सुटं असलेलं घर तिच्या बापाचं. तिला नाते गावी दिली होती. नवरा भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तोडताना झाडावरून पडला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतली आणि मग धाकट्या दिराचं लग्न निघालं, घर अपुरं पडतंय, असं सांगून माहेरी पोचवली. गोदूबाईनं पुन्हा त्या गावाची वाट तुडवली नाही. जिभेची फटकळ, कामाला वाघीण. उतारावरची नाचणी तिनं एकटीनं लावावी आणि एकटीनं कापावी. भाऊ महिपत तिच्याहून बराच लहान, तिच्याच कडेवर वाढलेला. तो मुंबईला एका पारशी शेठच्या बंगल्यावर घरगडी होता. जमलं तर शिमग्याला यायचा, नाहीतर जाणाऱ्या-येणाऱ्याकडून निरोप धाडायचा.

पावलं करावीत ती गोदूबाईनंच, असं वाडीत म्हणत. तिच्या हातची पावलं वाफेवर फुटत नसत. घरोघरच्या बाया तिला पीठ मळायला बोलवायच्या आणि ताट घेऊन वाटायला मात्र आपण जायच्या. विधवेच्या हातून वाटप नको, हेही रीतीतच होतं. गोदूबाई हात धुऊन, आपल्या वाटणीचं एक पाऊल पदरात बांधून घरी यायची आणि शेळ्यांकडे बघायची.

सन अठ्ठावीसच्या सुमाराला महिपतच्या बायकोला, तुळजाला, मुलगी झाली. बनू तिचं नाव. महिना उलटला नाही तोच तुळजा तापानं गेली. तेरावं उरकल्यावर महिपत ओटीवर बसला आणि म्हणाला, "बाय, पोर आपल्या पायानं चालाय लागली की मी तिला घेऊन जाईन. तवर तू संबाळ. जल्मभर तुज्या गळ्यात नाय बांदनार."

तो हे चांगल्या मनानंच बोलला. गोदूबाईलाही ते तेव्हा रास्त वाटलं. खरं सांगायचं तर ते मूठभर पोर जगेल असंच तिला वाटत नव्हतं. तिनं शेळीचं दूध पाणी घालून उकळलं, बोंडल्यानं पोरीच्या तोंडात थेंब थेंब सोडलं आणि बघत बसली. पोरीनं दूध ओकलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकलं. तिसऱ्या खेपेला पोटात राहिलं.

त्यानंतर गोदूबाईला बनूशिवाय दुसरा विषय उरला नाही. पोर आवाजाकडे मान वळवते का, दिव्याकडे बघते का, मुठी उघडते का. खणायला गेली तरी बांधावर आंब्याच्या सावलीत टोपली आणि टोपलीत बनू. दहा घाव घालावेत आणि एकदा टोपलीत डोकावावं. बनू पालथी पडली त्या दिवशी गोदूबाईनं घावन घातले आणि थाळा भरल्यावर तिच्या ध्यानात आलं की या घरात वाटायला दुसरी बाईच नाही. मग तिनंच पदर डोक्यावरून ओढला, थाळा उचलला आणि जन्मात पहिल्यांदा वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर वाटायला उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. बयाबाईनं तर दोन घावन जास्त मागून घेतले. गोदूबाईला इतका आनंद झाला की घरी येऊन तिनं उगाचच शेळीला शिव्या घातल्या.

वाडीतला हैबती मुंबईला भाजीच्या बाजारात हमाली करायचा आणि वर्षातून दोन-तीनदा दासगावच्या बोटीनं ये-जा करायचा. महिपतला निरोप जायचा तो त्याच्याकडून. "घावन वाटले म्हनून सांग." मग "मुटके वाटले म्हनून सांग." महिपतकडून उलट निरोप यायचा, "लई बरं वाटलं." मुटक्यांच्या वेळी त्याला एक जोड होती. महिपतनं मुंबईतच दुसरं लग्न केलं होतं. चंद्रभागा नावाची चांगली बाई आहे, शेठनं बंगल्यामागं खोली दिली आहे, आता बनू एकदा चालायला लागली की झालं.

गोदूबाईनं हैबतीला ताक दिलं आणि निरोप ऐकून घेतला. त्या दिवसापासून तिच्या काळजात भीती शिरली. आजवर पोरीनं काही नवं केलं की ती हरखून जायची, आता ती मनाशी हिशेब मांडायची. पोर वाढते म्हणजे पोर जाते, असा तो सरळ हिशेब होता. शेवया तिनं वाटल्या, पण बनू घरभर रांगून चुलीतली राख खाऊन बसेपर्यंत वाटल्या नव्हत्या. त्या उशिरानं वाटल्या आणि कमी वाटल्या.

बनू चालली ती गोठ्यात. वासराचं दावं धरून उभी होती, वासरानं मान हलवली तसं दावं सुटलं आणि ती न पडता पेंढ्याच्या भाऱ्यापर्यंत गेली. तिथं पेंढ्याला धरून मागं वळली आणि आत्याकडे बघून हसली. गोदूबाईच्या हातातली शेणाची पाटी तशीच राहिली. मग ती घरात गेली, गूळ काढला, पीठ काढलं, चुलीवर पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत चुलीपुढं बसून राहिली. आणि उकळल्यावर त्या पिठाच्या तिनं भाकऱ्या थापल्या, गूळ परत मडक्यात टाकला आणि मडकं वरच्या फळीवर ठेवून दिलं.

वाटलं नाही, म्हणजे पोर चालत नाही. तिनं खोटा शब्द उच्चारला नव्हता, उच्चारायची वेळही कुणी आणली नाही. बनू अंगणात कोंबडीमागं पळायची, बयाबाई शेण न्यायला यायची, पोरीला वळसा घालून जायची. फार तर एखाद वेळी म्हणायची, "गोदू, तांदूळ हायत ना गो घरात? नसले तर माज्याकडनं ने."

"हायत," गोदूबाई म्हणायची.

"हायत तर मंग बरं."

यापलीकडं बोलणं गेलं नाही. वाडी बघत होती आणि बघत नव्हती. प्रश्न होता तो मुंबईकरांचा. त्यांना रीत ठाऊक असली तरी मुंबईचं पाणी लागलेला माणूस, काय बोलेल याचा भरवसा नाही. म्हणून गोदूबाईनं बनूला एक खेळ शिकवला. खालच्या वाटेवर छत्री दिसली की "बस गो" म्हणायचं. मुंबईकर छत्रीशिवाय यायचे नाहीत, मग ऊन असो की पाऊस. बनू बसली, पाय पोटाशी घेतले, की गुळाचा खडा. पोर हुशार. आठवड्याभरात "बस गो" म्हणावंही लागेना. छत्री दिसली की फतकल, आणि हात पुढं. गोदूबाईला तिच्या हुशारीचं कौतुक वाटायचं आणि त्याच वेळी मान खाली जायची. पण गूळ ती देत राहिली.

हैबती शिमग्याला आला, गणपतीला आला, पुन्हा शिमग्याला आला. प्रत्येक वेळी बनू बसलेली. "पावलं वाटली काय गो?" त्यानं विचारलं. गोदूबाई म्हणाली, "नाय अजून." हे खरंच होतं. हैबतीनं बनूच्या पायांकडे बघितलं, चुकचुकला आणि मुंबईला गेला. एकानं दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट तिसऱ्याकडं जाताना वजन घेते. महिपतपर्यंत पोचेतो पोर चालत नाही याचं पोरीचे पाय लुळे आहेत असं झालं होतं.

भातकापणी आटोपल्यावर, कुठलाही सण नसताना, महिपत आला. बनू अंगणात उभी राहून बोरं वेचत होती. वाटेवर छत्री दिसली आणि ती जागच्या जागी बसली. महिपत अंगणात आला, छत्री मिटून काखेत मारली आणि पोरीपुढं उकिडवा बसला. तिची पावलं त्यानं हातात घेतली, बोटं चाळवली, पोटऱ्या दाबून पाहिल्या. बनूनं हात पुढं केला. तिला गूळ हवा होता. बापाला वाटलं, उचलून घे म्हणते. त्याचे डोळे भरून आले.

गोदूबाई दारात उभी होती. तिनं पाणी दिलं. महिपत पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाय, मी हिला न्याला आलोय."

"चालत नाय अजून," गोदूबाई म्हणाली. हे मात्र खोटं होतं.

"म्हनून तर न्याची. शेठचा वळखीचा डागदर हाय, पायांचाच. शेठनं सोता बोलून ठेवलंय. टाइम घालवला तर हाडं तशीच व्हतील म्हनतो." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तुला खरं सांगू? चंद्रभागेला दिवस गेलेत. खोली एवढीशी. आमी दोगांनी ठरवलं व्हतं, बनूला तुज्यापाशीच ठेवायची, कायमची. तुजा जीव हाय तिच्यावर. धड असती तर मी न्यालाच आलो नसतो."

गोदूबाई खाली बसली. मग ती एकदम उठली. "चालते रे ती! म्हयपत, चालते! धावते! बनू, ऊठ गो. ऊठ, माजे आय. कोंबडी बघ, पकड तिला."

बनूनं कोंबडीकडे बघितलं, बापाच्या काखेतल्या छत्रीकडे बघितलं आणि पाय आणखी पोटाशी घेतले. गोदूबाईनं तिला काखेत धरून उभी केली, तर तिनं गुडघे सोडून दिले. पुन्हा उभी केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गोदूबाईनं तिला हलवली तसं पोर रडायला लागलं. महिपतनं तिला काढून घेतलं.

"असं नको करू, बाय. तिला दुखतंय."

गोदूबाई धावत बयाबाईच्या दारात गेली आणि तिला मनगटाला धरून घेऊन आली. "सांग ह्याला. पोर चालते का नाय, सांग."

बयाबाई संकटात पडली. तिनं महिपतकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, पदराचं टोक चावलं. "वाटलं कुठं गो अजून?" ती हळूच म्हणाली. "वाटल्याबिगर मी कशी सांगू? पोरीला काय झालं म्हंजे?"

मग गोदूबाईनं वरच्या फळीवरचं मडकं काढलं. उन्हं कलायच्या आत तिनं पीठ मळलं, पावलं वळली, वाफवली. घाईत दोन-चार फुटली, तिच्या हातून पहिल्यांदाच. तशीच थाळ्यात भरून ती घरोघर फिरली. प्रत्येक उंबऱ्यावर बाया बाहेर आल्या, पाऊल कपाळाला लावून तोंडात टाकलं. आणि तोंडं मोकळी झाली. दीड वर्ष दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कुणी बनूला पाणवठ्याच्या वाटेवर बघितली होती, कुणी बांधावर. कुशाबाच्या घरच्यांनी तर ती पळते कशी ते करून दाखवलं. सगळी वाडी गोदूबाईच्या अंगणात येऊन महिपतला सांगू लागली. बयाबाई सगळ्यांत पुढं. "अरे, कंदीची चालते! माज्या डोल्यांनी बघितली."

महिपतनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. अंगणाच्या मधोमध बनू बसली होती आणि दोन्ही हातांत धरून पाऊल खात होती. इतकी माणसं, त्यात छत्रीवाला, आणि बसल्याबद्दल एवढा गूळ. ती कशाला उठते?

"बयामावशी," महिपत म्हणाला, "सकाली तुमाला ठाव नव्हतं. आता पावलं खाल्ली तर सगल्यांनी बघितलं." तो रागावला नव्हता. बहिणीच्या मायेपोटी वाडीनं एवढं केलं, याचं त्याला बरंच वाटलं असावं. पण त्यानं एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. वाडीत वाढलेला माणूस, वाटपाचे साक्षीदार किती पक्के असतात ते त्याला ठाऊक होतं.

माणसं पांगल्यावर गोदूबाईनं भावाला सगळं सांगितलं. गोठ्यातलं, भाकऱ्यांचं, छत्रीचं, गुळाचं. एकही गोष्ट लपवली नाही. महिपत मान हलवत राहिला. "तुला ती सोडवत नाय, मला समजतं," तो म्हणाला. "बरी झाली की आनून सोडीन." ती खरं बोलत होती आणि तो तिची समजूत काढत होता. गोदूबाईनं मग पुढं बोलायचं सोडलं.

सकाळी त्यानं बनूला खांद्यावर घेतलं. गोदूबाईनं गाठोडं बांधून दिलं. त्यात पोरीचं कुंची-आंगडं, नाचणीचं पीठ आणि उरलेली पावलं. बनू खांद्यावरून हसत होती. आत्या मागून येईल असं तिला वाटत असावं. बयाबाई येऊन गोदूबाईजवळ उभी राहिली. दोघी सोंडेच्या टोकाला गेल्या. तिथून कापड्याला उतरणारी वाट वळणावळणानं खालपर्यंत दिसते.

निम्म्या उतारावर ओहोळ आहे. महिपत तिथं थांबला. पोरीला खडकावर बसवलं, छत्री आणि गाठोडं कडेला टाकलं आणि पाणी प्यायला वाकला. त्याची पाठ होती. बनूनं इकडंतिकडं बघितलं, खडकाला धरून खाली उतरली आणि चालत बापाच्या मागं जाऊन उभी राहिली.

महिपत वळला. वरून त्याचं तोंड दिसत नव्हतं. तो नुसता उभा राहिला. बनू दोन पावलं मागं गेली, वाकली, एक दगड उचलला, चालत पाण्याच्या कडेला आली आणि दगड पाण्यात टाकला. मग महिपतनं मान वर करून सोंडेकडे बघितलं.

"बघितलं त्यानं," बयाबाई म्हणाली. "आता आनतो बघ माघारी. तू म्हनालीस ना, तसा बोलला व्हता?"

गोदूबाईनं पदर सावरला. तिला वाटलं, भात टाकायला हवा, दोघं उपाशीच निघाली होती. तिला इतकी खात्री वाटली की ती घराकडं वळलीसुद्धा. पण बयाबाई जागची हलेना, म्हणून ती परत फिरली.

महिपत अजून वरच बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक. आपल्याशी दीड वर्ष खोटं वागली हे आलं असेल, किंवा पोरीला चालताना पाहून सोडवेना झालं असेल. पुढं तो पुष्कळदा गावी आला, पण त्यानं ते कधी सांगितलं नाही आणि गोदूबाईनं कधी विचारलं नाही. मग त्यानं गाठोडं उचललं, छत्री पाठीवर अडकवली आणि पोरीपुढं बोट केलं. बनूनं ते धरलं.

दोघं कापड्याच्या दिशेनं निघाली. बनूच्या चालीनं, सावकाश, मध्येच थांबत. बयाबाई घरी गेली. गोदूबाई मात्र ती दोघं झाडीआड होईपर्यंत हलली नाही, कारण पोरीला इतकं लांब चालताना तिनं कधी बघितलं नव्हतं.